चुंबकाला चिकटतं ते हलकं

१६ जुलै, बुधवार

हितेंद्रच्या हापिसातून मिळालेली ही वही जानेवारीपासून टीव्हीखाली कोरी पडून होती. आता मी घेतली. माझा मुलगा तिच्यात काही लिहिणार नव्हताच. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढं अक्षर पुरे. या घरात काय चाललंय ते लिहून ठेवणार. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, शेवंतीला म्हातारपणी भास होतात.

आज डाळ लागली. खाली काळा पापुद्रा धरला. दोष टोपाचा. सुनेने मॉलमधून आणलेला टोप. बाहेरून आरसा, तळ पापडासारखा. तो आणला तेव्हाच मी बोटाच्या पेराने वाजवून सांगितलं होतं, दर्शना, हा टोप नव्हे गो, देवळातली घंटा आहे. तळ कसा ठक् बोलला पाहिजे. टण् बोलला की दुकानात तिथेच ठेवायचा आणि पुढे चालू पडायचं.

जेवताना हितेंद्र म्हणाला, "आई, पार जिन्यापर्यंत जळका वास येत होता. तुला कळलं नाही?"

म्हटलं, "टोपाला विचार."

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. हे बघणं मला नवीन आहे.

१९ जुलै, शनिवार

श्रावण तोंडावर आला म्हणून बांगडे आणायला गेले. एकेक कल्ला उघडून नाकाला लावला. कसलाच वास नाही. कोळणीला म्हटलं, "बर्फात किती दिवस झोपवलेस गो यांना?"

ती म्हणते, "आजी, वास नाय तर भांडतेस. वास आला असता तर घेतले असतेस काय?"

जिभेला हाड नाही. पण बोलली ते खोटं नव्हतं, म्हणून घेतले. घरी दर्शनाने पिशवी उघडली आणि ओढणी नाकाला लावून मागे सरली. "आई, हे गेलेत." सरळ बांधून कचऱ्यात! मी पुन्हा नाक घालून बघितलं. काही नाही. माझ्या हातचं तिखलं खायचं नसेल तर तसं सांगावं, बांगड्यांना कशाला बदनाम करावं?

खरं म्हणजे हल्ली कशालाच वास नाही. हिंगाला नाही, उदबत्तीला नाही, सायलीच्या गजऱ्याला नाही. सगळी भेसळ. पण मिरची तेवढी झोंबते. भेसळ करणाऱ्यांना मिरचीत अजून जमलं नसावं.

२३ जुलै, बुधवार

आज तमाशा झाला. दिवेलागणीला मी शेगडीखाली पाटावर बसून भाजी निवडत होते. शेजारची अनुजा बोंबलतच आत शिरली. "काकी, गॅस! काकी, गॅस!" खिडकी उघडली, पंख्याचं बटण दाबायला मी उठले तर माझा हात धरून मला गॅलरीत ओढलं. म्हणे शेगडीचा कान फिरवलेला होता आणि जाळ नव्हता. मी दोन हातांवर बसलेली, मला वास नाही. आणि हिला भिंतीपलीकडून आला! हिचं नाक आधीपासून दुसऱ्यांच्या घरातच असतं, त्यामुळे असेल.

देवाजवळ दिवा लावायचा होता. काडेपेटी माझ्या मांडीवर होती, काडी बाहेर काढलेली. या धिंगाण्यात दिवा राहिला तो राहिलाच.

हितेंद्र आला, त्याला अनुजाने गॅलरीतच गाठलं. आत आला तेव्हा तोंड पांढरं. काडेपेटी उचलली आणि खिशात घातली. विडी-सिगरेट ओढत नाही तो. मग काडेपेटी कशाला हवी?

२७ जुलै, रविवार

दोघं अँटॉप हिलला गेली. तिथे सरकारी कॉलनीत दर्शनाची बहीण नम्रता राहते. "मी येते," म्हटलं, तर "आई, पायऱ्या खूप आहेत." पायऱ्या आमच्या चाळीला काय कमी आहेत?

आणि मी दिवसभर घरात एकटी नव्हते बरं का. अनुजा विणकाम घेऊन येऊन बसली. शेगडीला हात लावायच्या आधी, "काकी, मी करते चहा." माझ्यावर पहारा बसवून गेले होते.

३० जुलै, बुधवार

आता सगळं कळलं.

दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सुट्टी घेऊन घरी राहिलेल्या दर्शनाला वाटलं, मला झोप लागली. तिने मांडणीवरची सगळी भांडी खाली काढली. फ्रीजच्या दारावरचं आंब्याच्या आकाराचं लोहचुंबक घेतलं. एकेक भांडं उलटं करायचं, तळाला चुंबक लावायचं, चिकटलं तर डावीकडे, नाही चिकटलं तर उजवीकडे. असे दोन ढीग केले.

मला काय समजत नाही? चुंबक चिकटतं ते हलकं स्टील, चिकटत नाही ते चांगलं. हे लालबागच्या बाजारातल्या कमलाकांतने मला त्याच्याच दुकानात दाखवलं होतं, तेव्हापासून मी कधी चुंबकाशिवाय स्टील घेतलं नाही. आता ढीग बघा. उजवीकडे माझा पितळी टोप, तांब्याचा हंडा, जर्मनची मोठी पातेली, चांगल्या स्टीलचे डबे. डावीकडे तिची मॉलमधली दोन भांडी आणि सगळं फुटकळ. माझा बिडाचा घावनांचा तवासुद्धा डावीकडे, हलक्यांत! तव्याची काय लायकी ते तिला काय ठाऊक.

मग फोन लावला. "नम्रता, चिकटत नाहीत ती सगळी तुझ्याकडे पाठवते. इथे आता काय उपयोग? ... नाही गं, आईंना एवढ्यात नको. गौरीच्या आधी सांगू कसंतरी. हितेंद्रलाच धीर होत नाहीये."

माझा दीर वेगळा झाला तेव्हा याच लादीवर असेच दोन ढीग झाले होते. भांड्यांवर नावं घालून घेतात ती हौस म्हणून नव्हे. त्या दिवसासाठी घालतात. माझ्या टोपावर 'गणपत' असं नवऱ्याचं नाव ठोकलेलं आहे. नवरा गेला. आता टोपही चालला.

वेगळी होतायत. अँटॉप हिलला जाणार, चांगलं घेऊन जाणार, मला हलकं ठेवणार.

३१ जुलै, गुरुवार

दोन पोती गेली. मला सांगितलं, "कल्हईला दिलीत." स्टीलच्या डब्यांना कल्हई!

४ ऑगस्ट, सोमवार

रडायचं ते लोकांनी. मी माझी चूल मांडणार. मला एकटीला लागतं काय? एक टोप, एक कढई, एक परात, एक शेगडी. पण घेईन ते पारखून. दुसऱ्याने ठेवलेल्या फुटकळात मी रांधणार नाही.

आज दादरला जाऊन आले. स्टेशनबाहेरच्या गल्लीत एकाला एक लागून भांड्यांची दुकानं आहेत. पहिल्याने टोप हातात दिला. लादीवर ठेवून काठाला बोट लावलं तर डुगडुगला. म्हटलं, "याला पाळणा म्हणून वीक." दुसऱ्याने जाड तळाचा म्हणून दिला तो उलटा करून बघितला. जाडी नुसती बाहेरून दाखवायला पट्टीसारखी, मध्ये बोट दाबलं की खाली जातो. तिसऱ्याच्या कढईचे कान रिबीट न मारता नुसते चिकटवलेले. भरली कढई उचलताना कान हातात आणि तेल पायावर. त्याला तसं सांगितलं तर म्हणतो, "आजी, आता सगळं असंच येतं." असंच येतं म्हणे. तुझ्या बापाला दिलं असतंस?

रिकाम्या हाताने परत. घरात कुणी विचारलं नाही कुठे गेले होते. अनुजाने तेवढं विचारलं, म्हणजे ती कळवणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

भुलेश्वरला गेले. तांब्या-पितळेचं वजनावर घ्यायचं तर अजून तिकडेच. देवळामागे भांडीवाल्यांची रांग आहे, आत शिरलं की कानात नुसता ठोकाठोकीचा आवाज. पितळेच्या टोपाचा भाव ऐकून मी तो जपून खाली ठेवला. एका दुकानात परातींची चळत होती, तिच्यामागे कढया बघत होते. तेवढ्यात ओळखीचा आवाज.

दर्शना! सकाळी डबा घेऊन कामावर जाते म्हणून निघालेली दर्शना. हातात ते आंब्याचं चुंबक.

दुकानदाराला म्हणते, "चुंबक चिकटेल असाच टोप हवा. पण तळ जाड पाहिजे. घरात वयस्कर आहेत, त्याच वापरणार आहेत."

तो म्हणाला, "बेन, ये देखो. नीचे से पक्का चिपकता है."

तिने चुंबक लावलं, चिकटलं, खूश झाली. पण मग टोप उचलून तिने तो पेराने वाजवला. माझ्यासारखा! कान लावून ऐकलं. "नाही," म्हणाली, "हा टण् बोलतो. त्यांना चालायचा नाही. त्या वाजवूनच घेतात." आणि न घेता निघाली.

मी परातींमागे उभी. रात्रंदिवस माझ्या घरात राहून माझी कला शिकली, आणि वापरते कशाला? माझ्यासाठी हलकं शोधायला. पण हलकं असून जाड कशाला मागते? लोकलाज असेल. सासूला वेगळी टाकताना भांडं तरी जाड दिलं म्हणून सांगायला.

घरी विचारलं, "कामावर काय झालं आज?" "काही नाही, आई. नेहमीचंच." खोटं बोलणाऱ्याला बोलू द्यावं.

२० ऑगस्ट, बुधवार

आज सगळं उघड्यावर आलं. सगळं लिहिते.

सकाळी कमलाकांतकडे गेले. त्याचा बाप होता तेव्हापासूनचं दुकान. म्हटलं, चांगल्यातलं दाखव, चुंबक चिकटत नाही ते. टोप वाजवला, ठक्. झाकण फिरवून बघितलं, कुठे अडकलं नाही. कढई घेतली, परात घेतली. आणि एकाच तोंडाची गॅसची शेगडी.

"मावशी, शेगडी कशाला? घरी नाही?"

"तू भांडी वीक रे."

संध्याकाळी दोघं आली तेव्हा सगळं खोलीच्या मध्यावर मांडून ठेवलं होतं. म्हटलं, "तुम्ही जा अँटॉप हिलला. माझी चूल मी मांडली."

हितेंद्र शेगडीकडे बघतच राहिला. दर्शनाने पहिली गोष्ट काय केली असेल? फ्रीजवरचं चुंबक आणून माझ्या नव्या टोपाला लावलं. पडलं ते खाली. आणि ती हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली.

"आई, हे नाही चालणार."

"का? चांगलं आहे म्हणून?"

"अँटॉप हिलला कोण चाललंय?" हितेंद्र म्हणाला. "कुणी सांगितलं तुला?"

"पोत्यांनी सांगितलं."

मग त्याने पलंगाखालून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी ओढलं. काळ्या काचेचा पाट. विजेची शेगडी, म्हणे. नम्रताकडे पडून होती ती आणली. हिला जाळ नसतो, गॅस नसतो. आणि हिच्यावर ज्याला चुंबक चिकटतं तेच भांडं तापतं. बाकीची भांडी नम्रताच्या माळ्यावर ठेवलीत, एकही कुठे गेलेलं नाही.

"एवढा खटाटोप कशाला? आपली शेगडी काय वाईट आहे?"

शेवटी हितेंद्र म्हणाला, आणि सांगताना त्याचा आवाज लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला. "आई, तू काडी ओढणार होतीस. अख्खी खोली गॅसने भरली होती. तू, अनुजा, मजल्यावरची सगळी... तुला वास येत नाही, आई."

"भेसळ आहे सगळी."

"गॅसमध्ये कोण भेसळ करेल?"

याचं उत्तर सुचेल तेव्हा लिहीन.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कुणाला न सांगता मसाल्याच्या गल्लीत गेले. मिरच्या कुटायची मशीन चालू होती. अर्धी गल्ली शिंकत होती. मी मशीनच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, घसा जळला, नाक वाहिलं. म्हटलं, बघा, आहे नाक. मग गिरणीवालीकडून धणे मागून घेतले. नुकते भाजलेले, गरम. ओंजळ नाकाशी नेली.

काही नाही. भिंत हुंगावी तसं.

ती म्हणाली, "काय सुटलाय वास, आजी!" मी "हो गो" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराने सांगितलेलं न तपासता मान्य केलं.

झोंबणं वेगळं आणि वास वेगळा. मिरचीने मला इतके दिवस फसवलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

परळला डॉक्टरकडे नेलं. नाकात बत्ती घालून बघितलं. म्हणाला शिमग्यात ताप आला होता, त्यात गेलं असेल. येईल, किंवा येणार नाही. एवढं मीही सांगितलं असतं, फी न घेता. फवारा दिलाय.

घरी येताना दर्शना हळूच म्हणाली, "आई, या वर्षी गौरीचा नैवेद्य मी करते. तुम्ही बसून सांगा."

आलं! मी विचारच करत होते हे कधी येतं. भांडी गेली तर भांडी येतात. पण चुलीपुढून एकदा उठलेली बाई परत बसत नाही. माझी सासू अशीच उठली होती. "बसून सांगा" म्हणून बसवली, आणि नंतर तिला कुणी काही विचारलं नाही. मीच विचारलं नाही, मला ठाऊक आहे ना ते कसं होतं.

म्हटलं, "दर्शना, नैवेद्याची चव घेतात का?"

"नाही."

"वास?"

"वासही घ्यायचा नसतो."

"मग? या घरात वास न घेता रांधणारी आता मी एकटीच उरले. तुझं नाक तर अँटॉप हिलपर्यंत चालतं."

हितेंद्र खिडकीबाहेर बघत होता, खांदे हलत होते. हसत होता की काय, ते दिसलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

दोघी मिळून कमलाकांतकडे गेलो. लालबागमध्ये आताच पाय ठेवायला जागा नाही. बुधवारचं सगळं परत केलं, शेगडीसकट. म्हटलं, "तूच सांगितलं होतंस ना, चिकटतं ते हलकं?"

"मावशी, ते गॅसवरच्या दिवसांतलं. आता चिकटणाऱ्यातही भारी येतं. तळात थर असतात."

"म्हणजे तू तेव्हा फसवलंस की आता फसवतोस?"

"काय बोलणार, मावशी," म्हणाला आणि टोपांची चळत पुढे ढकलली.

मग मी वाजवायचा आणि दर्शनाने चुंबक लावायचं. माझ्याकडे पास झाला तो तिच्याकडे नापास, तिचा पास तो माझ्याकडे टण्. दुकानात गर्दी थांबून बघायला लागली. कमलाकांतने कपाळाला हात लावला. शेवटी एक मिळाला. चिकटला आणि ठक् पण बोलला. दर्शना म्हणाली, "हाच." मी आणखी एकदा लादीवर ठेवून बघितला. डुगडुगला नाही. तरी झाकण जरा सैल आहे, ते मी बोलून दाखवलं. दुकानदाराला सगळंच चांगलं म्हणायचं नसतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. काळ्या पाटावर चार दिवस हात बसवला. जाळ दिसत नाही, म्हणजे बाई चूल पेटली आहे की नाही हे आकड्यावरून ओळखायचं. मला पटलेलं नाही. भांडं उचललं की टुंग टुंग करून तक्रार करतो. या घरात बोलणारे कमी होते.

दूध उतू जायच्या आधी टोपाचा आवाज बदलतो, हे मात्र ध्यानात आलं. पूर्वी वासामुळे कधी ऐकावं लागलं नव्हतं.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरी जेवल्या. घाटलं मी केलं. नारळाचा रस, तांदळाचं पीठ, गूळ. एकदा पळी थांबली की खालून धरतं, म्हणून कुणाला हात लावू दिला नाही. अनुजा तिची गौर सोडून दोनदा डोकावून गेली. दर्शना पूर्ण वेळ दारात, तोंडावर ओढणी घट्ट धरून. वास घ्यायचा नाही हे तिने पाळलं म्हणून मनात म्हटलं, वळण लागलं पोरीला.

मध्येच म्हणाली, "आई, उतरवूया आता."

"का? अजून बुडबुडे मोठे यायचेत."

"असंच. दाट झालंय. छान दिसतंय."

मी तिच्याकडे बघितलं. ती नैवेद्याच्या पानाकडे बघत होती. उतरवलं.

आरती झाली, पानं वाढली. मला घाटलं गोड लागलं, एवढंच कळतं मला आता. हितेंद्रने दुसऱ्यांदा मागून घेतलं. तो घाटलं दुसऱ्यांदा घेत नाही, लहानपणापासून. त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, त्याने मान वर केली नाही.

मी हात धुऊन येईपर्यंत दर्शनाने टोप पाण्यात बुडवून मोरीत नेला होता. पाठ माझ्याकडे, हात जोरजोरात चाललेले. "तुम्ही बसा, आई, हे मी घासते."

तळ मला दिसला नाही. मीही दाखव म्हटलं नाही.